भात लागतो तिथपर्यंत

यंत्र उघडायची मला भीती वाटत नाही. उघडून, पुसून, परत बंद करून बटण दाबायची वाटते. त्या एका बटणाच्या वेळी पोटात जे होतं ते जोआनाच्या दहावीच्या निकालालाही झालं नव्हतं, आणि जोआना गणितात काठावरची होती.

त्या शनिवारी दुपारी मी मरोळ गावठाणातल्या आमच्या खालच्या खोलीत फरशीवर बसले होते. समोर एक जुना कॉम्प्युटर, एका बाजूचा पत्रा काढलेला. त्याच्या शेजारी सासऱ्यांनी बोटीवर नोकरीला असताना आणलेला व्हीसीआर. मांडीवर, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, एक कॅसेट. मागे खाटेवर माझी सासू अँजेलिना. तिला घरात सगळेच माय म्हणतात, मीही आणि माझी मुलगी जोआनाही.

"झालं गो?" मायनं विचारलं.

"अजून सुरूच नाही केलं, माय."

"मग श्वास का असा धापा टाकतो तुझा?"

डोळे गेल्यापासून तिला असलं सगळं ऐकू येतं.

ही कॅसेट माझ्या नवऱ्याची. क्लिफर्ड मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला तेव्हा जोआना रांगत होती. तिथल्या खोलीत एका मित्राच्या कॅमेऱ्यावर त्यानं आमच्यासाठी निरोप रेकॉर्ड केला आणि गावठाणातल्याच एकाबरोबर पाठवून दिला. आधी कॅसेट आली. पुढच्या महिन्यात पेटी आली. रस्त्यावरचा अपघात. त्याबद्दल एवढंच.

त्यानंतर दर रविवारी चर्चमधली मिसा संपवून आली की माय ती कॅसेट लावायची आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसायची. मग तो टीव्ही बिघडला, भंगारात गेला. कॅसेट उरली. क्लिफर्डचे फोटो आमच्याकडे ढीगभर आहेत, लग्नातले तर इतके की त्यात नवरीपेक्षा नवराच जास्त. आवाज मात्र दुसरा कुठेच नाही. त्या काळात कोण कुणाचा आवाज जपून ठेवत होतं?

काचबिंदूनं मायची नजर हळूहळू गेली, तोवर हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग या वर्षी ईस्टरच्या आधी एक गोष्ट झाली. कॉस्मस, क्लिफर्डचा धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावर राहतो. दारातून त्यानं हाक मारली, "माय, बोंबील आणलेत." आणि माय खाटेवरून उठून उभी राहिली, हात पुढे करून. "क्लिफी? कवा आला रे?"

कॉस्मस दारातच थिजला. बोंबलाच्या पिशवीतून पाणी टपकत राहिलं.

माय पूर्ण शुद्धीत असते. डोकं तिचं माझ्यापेक्षा तल्लख. चूक तिला लगेच कळली. नंतर मला म्हणाली, "शब्द सगळे आहेत गो माझ्याकडे. त्या कॅसेटमधला एकूण एक. आवाज नाय. क्लिफीचं बोलणं आठवायला जाते तर कॉस्मसचा आवाज येतो. मी पुसते. परत येतो."

मी तिला धीर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मी माझ्या मनात डोकावून पाहिलं तर तिथे कॉस्मसचाही आवाज नव्हता. क्लिफर्डची स्कूटर ऐकू येत होती, गल्लीच्या वळणावर गिअर बदलताना खाकरायची ती. तिच्यावर बसलेला माणूस मुका होता.

तेव्हापासून मला भीती वाटायला लागली ती गेली नाही. भात ढवळताना वाटायची, कपडे वाळत घालताना वाटायची. असं वाटायचं की घरातून काहीतरी बाहेर चाललंय आणि दार मीच उघडं ठेवलंय.

कॅसेट काढली तर तिला बुरशी. तिच्या छोट्या खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके, भाकरीवर येतात तसे. मरोळची हवा दमट, पण शेजारच्या इतर कॅसेट्सना एवढी नव्हती, म्हणून मला नवल वाटलं. मग लक्षात आलं. दर वर्षी ईस्टरनंतर फादर घरं आशीर्वादायला येतात. माय त्या दिवशी क्लिफर्डचा फोटो आणि ही कॅसेट घरातल्या वेदीवर मांडून ठेवायची, येशूच्या पायाशी, आणि फादरना सांगायची, "इथे जरा जास्त शिंपडा." फादर बिचारे जास्त शिंपडायचे. इतकी वर्षं ते पवित्र पाणी कॅसेटच्या फटीतून आत जात राहिलं.

हे मी मायला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

स्टेशनजवळ जुन्या कॅसेट्स पेनड्राइव्हवर भरून देणारा एक दुकानदार आहे. त्यानं कॅसेट उजेडात धरली आणि विंचू असल्यासारखी परत दिली. "ही माझ्या मशीनमध्ये नाही घालणार मॅडम. टेप वाचणारं हेड खराब होईल माझं. आणि खरं सांगू का, ही टेप फार फार तर एकदा चालेल. पापुद्रे निघतायत."

एकदा. तो शब्द घेऊन मी रिक्षात बसले.

घरी येऊन कॅसेटचे स्क्रू काढले, टेप हातानं हळूहळू पुढे सरकवत मऊ फडक्यानं पुसली. गच्चीवर वर्षभराच्या बॉटल मसाल्याच्या मिरच्या वाळत होत्या, आणि टेपला तिखट लागू नये म्हणून त्या आठवड्यात मी मिरचीला हात लावणार नाही म्हटल्यावर सगळ्या गावठाणात चर्चा झाली. झाली तर झाली.

आता कॉम्प्युटरबद्दल. मी बारावीच्या पुढे गेलेली नाही. क्लिफर्ड गेल्यावर चकाल्याच्या एका क्लासमध्ये टायपिंगची नोकरी धरली. तिथे बिघडलेले कॉम्प्युटर जिन्याखाली टाकून देत, आणि मला ते बघवत नसत. मी ते उघडायला लागले. विंडोजच्या जागी लिनक्स घालायला लागले, कारण ते फुकट होतं आणि म्हाताऱ्या मशीनवर चालायचं. कमांड मी लहानपणी 'नमो मरिये' प्रार्थना शिकले तशा शिकले: आधी पाठ केल्या, अर्थ नंतर कळला. काहींचा अजून कळायचाय.

त्याच जिन्याखाली मला एक टीव्ही ट्यूनर कार्ड मिळालं होतं. कॉम्प्युटरवर केबल टीव्ही बघता यावा म्हणून एके काळी लोक अशी कार्डं आत बसवत. व्हीसीआरच्या मागची चित्र-आवाजाची भोकं गंजून आत गेली होती, उरली होती फक्त अँटेनाची वायर. भिंतीवरच्या नव्या टीव्हीला ती लावून पाहिली. त्यानं निळा पडदा दाखवला, "सिग्नल नाही" म्हणाला आणि एका सिनेमाची जाहिरात सुरू केली. म्हणून हे कार्ड. यात वायर जाईल, आणि जे येईल ते कॉम्प्युटरमध्ये साठत जाईल. एकदाच चाललं तरी पुरे.

पण कार्डाला ड्रायव्हर लागतो, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्या मधला दुभाषा. दुभाषा लिनक्समध्ये होता. त्याचं म्हणणं एवढंच की या कार्डाला मी ओळखत नाही. स्वस्तातलं कार्ड, आपलं नावगाव आत लिहून ठेवायची सोय बनवणाऱ्यानं केलेली नव्हती. काळ्या पडद्यावर दुभाष्यानं नावांची भलीमोठी यादी ओतली आणि खाली लिहिलं, यातलं कोणतं ते तूच नंबरानं सांग.

इंटरनेटवर कुठल्याशा देशातल्या एका भल्या माणसानं लिहून ठेवलं होतं, चुकीचा नंबर दिलात तर कार्ड जळूही शकतं.

म्हणून मी धापा टाकत होते.

"मम्मी, सरळ बोल ना मला," जोआना म्हणाली. ती दाराशी चहाचा कप घेऊन उभी होती. बँकेत नोकरी करते, शनिवार सुट्टीचा. सकाळपासून आतबाहेर करत होती, पण खोलीत बसत नव्हती. "घाबरलीयस तू. मशीनला की त्याला?"

"कोणाला?"

"पप्पांना." हा शब्द तिच्या तोंडात अवघडतो. वापरायची सवय नाही. "मला तर भीती वाटते यार. मी अठ्ठावीसची झाले, आणि तो त्यात माझ्याहून लहान दिसणार. कोणीतरी मुलगा मला 'माझं बाळ' म्हणणार. मी काय करायचं?"

"ऐकायचं," खाटेवरून माय म्हणाली.

मी कार्ड बाहेर काढलं, त्याच्यावरच्या पत्र्याच्या डबीवर पुसट छापलेली अक्षरं भिंगातून वाचली, त्याला जुळणारी दोन-तीन नावं निवडली. पहिला नंबर दिला. कॉम्प्युटर जागच्या जागी गोठला आणि स्पीकरमधून एक किंकाळी निघाली, एकसुरी, न थांबणारी. जोआनानं चहा सांडला. मी भिंतीतून प्लग उपटला.

वरून कॉस्मस धावत आला. "काय जळलं?"

"काही नाही."

"मग कोण मेलं?" मग मायकडे लक्ष जाऊन त्यानं जीभ चावली. "यव्होन, फेकून दे तो डबा. मी सांगतो, ह्यात काही राम नाही."

"तू गप बस," मी म्हटलं, "आणि तुझ्या लग्नाची कॅसेट आण."

"ती कशाला?"

"सरावाला."

सरावाला अशीच कॅसेट हवी होती की जळाली तर कुणी रडणार नाही. कॉस्मसच्या लग्नाची त्याच्या बायकोनंही परत कधी बघायला मागितली नव्हती.

दुसरा नंबर. मी छातीवर क्रॉस केला, एंटर दाबलं, आणि डोळे मिटून घेतले. किंकाळी नाही. डोळे उघडले तर पडद्यावर मुंग्या. चॅनल एकेक सरकवत नेलं, आणि मुंग्यांमधून एक माणूस बाहेर आला. बँडवाला, बारीक मिशी, तोंडाला ट्रंपेट, मागे विहीर आणि आमचे सगळे नातेवाईक तरुण होऊन नाचतायत. लग्नाआधी विहिरीवरून उमराचं पाणी आणतात, त्याला निघालेली वरात.

"त्याच्या मागे मी!" कॉस्मस म्हणाला. "बघ, केस बघ माझे!"

"बँड वाजतो का?" मायनं विचारलं.

बँड वाजत होता. गाल फुगत होते, ढोल हलत होता. स्पीकरमधून नुसती खरखर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.

"वाजतोय माय," मी म्हटलं. "ऐकू येत नाही."

तास गेला. दुसरा गेला. मी आवाजाचं सगळं खोलून पाहिलं. ड्रायव्हर उतरवला, चढवला. साउंडची वेगळी कमांड असते ती दिली. वायर बदलली. आमच्या डोक्यावरून विमानं उतरतात; प्रत्येक विमानाला वरात थरथरायची आणि पुन्हा मुकी नाचायला लागायची. मधेच करपट वास आला. हात लावला तर व्हीसीआरचं झाकण चटका बसेल इतकं तापलेलं. पटकन बंद केला, टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. आतली मोटर म्हातारी झाली होती. म्हणजे टेपही एकदाच चालणार, आणि मशीनही जाता जाता.

मला रडू आलं ते चित्रामुळे. चित्र इतकं छान आलं होतं. आणि ते चित्र कुणाच्या कामाचं? ज्या बाईसाठी हा खटाटोप, तिला दिसत नाही. तिच्यासाठी ती खोली सकाळी होती तशीच होती, फक्त करपट वासाची.

माय हसली. मला वाटलं ती रडतेय, वळून पाहिलं तर हसत होती, पदर तोंडाला लावून.

"तवा पण असंच झालं होतं गो. तुझा सासरा हा डबा हाँगकाँगहून घेऊन आला. सगळा गावठाण अंगणात. पिक्चर लावला, तर चित्र येतं, आवाज नाय. लोक उठायला तयार नाय. मग हा कॉस्मस पुढे बसला आणि सगळ्यांचे आवाज काढायला लागला. हिरोईनचा पण. क्लिफी घोड्यांचा काढायचा."

"दोन आठवडे," कॉस्मस म्हणाला. "मार्तंड येईपर्यंत. पार्ल्याचा मार्तंड, टीव्हीवाला."

"त्यानं काय केलं?" मी विचारलं.

"काय केलं म्हणजे, दुरुस्त केला."

"काय दुरुस्त केलं कॉस्मस? हा डबा?"

"हा नाय," माय म्हणाली. "ह्याला हातसुद्धा नाय लावला. बोलला, मावशी, तुमचा डबा ठीक आहे, तो तिकडचं बोलतो. टीव्ही उघडला, त्याच्या पोटात काहीतरी बसवलं. त्याला तो कन्व्हर्जन बोलायचा. मग आला आवाज."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

टीव्ही भंगारात गेला, आणि मार्तंडानं बसवलेलं ते काहीतरी त्याच्याबरोबरच गेलं. हा डबा अजून तिकडचंच बोलत होता. टीव्हीच्या वायरमध्ये चित्र आणि आवाज शेजारी शेजारी चालतात, पण किती अंतर ठेवून चालायचं याचे देशोदेशी वेगळे रिवाज. आपल्याकडे एक, हाँगकाँगला थोडं जास्त. माझं कार्ड आपल्या रिवाजाप्रमाणे आवाजाला शोधत होतं, आणि आवाज दोन पावलं पुढे उभा होता. तो सगळा वेळ तिथेच होता!

कार्डाचं पोट फाडायची गरज नव्हती. एक ओळ लिहायची होती: आपलं पाल-बी नको, तिकडचं पाल-आय. लिहिताना बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती. एंटर.

ट्रंपेट इतक्या जोरात किंचाळला की माय खाटेवर उडाली आणि कॉस्मस ओरडला, "झकास!" ढोल, शिट्ट्या, बायकांची गाणी, आणि त्या सगळ्यात कुणीतरी कुणाला शिव्या घालतंय, सगळं एकदम खोलीत शिरलं. जोआना दारातून आत आली आणि खाली बसली. मायनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ज्या क्षणी आवाज आला त्या क्षणी माझी खरी भीती सुरू झाली. तोपर्यंत मला मशीनमागे लपता येत होतं.

व्हीसीआर पूर्ण थंड होऊ दिला. तेवढ्या वेळात मायनं तोंड धुतलं, केस विंचरून घेतले, आणि जपमाळ हातात घेऊन बसली. मी कॉस्मसला म्हटलं, तू बोलू नकोस, एकदाही नको. त्याला कळलं. तो दाराच्या बाहेर पायरीवर जाऊन बसला.

"माय, त्यात तो काय काय बोलतो?" जोआनानं विचारलं. मला वाटतं, तिला तयारी करून ठेवायची होती.

मायनं सांगितलं, पाठ केलेला धडा सांगावा तसं. पहिल्यांदा तो सगळ्यांना नमस्कार करतो. मग खोली दाखवतो. मग तब्येत विचारतो. मग मधेच वळतो आणि ओरडतो, भात लागला म्हणून. मग परत येऊन बसतो आणि बोलतो, बाकी सगळं ठीक आहे.

रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल ठिपका दिसला. कॅसेट आत ढकलली, आणि ती घशात गेल्यासारखी आत गेली.

मुंग्या. एक आडवी पांढरी रेघ खालून वर. मग एक लोखंडी पलंग, कॅलेंडर, आणि पलंगावर एक मुलगा. इस्त्रीचा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं. जोआना म्हणाली होती तसाच. तिच्याहून लहान.

"माझी प्रिय आई, पत्नी यव्होन आणि लाडकी कन्या जोआना," तो मुलगा म्हणाला. "तुम्हा सर्वांना माझा सप्रेम नमस्कार."

आवाज बारीक होता. नाकातून येणारा. चर्चमध्ये वाचन करायला उभं केल्यावर माणसं बोलतात तसा, प्रत्येक शब्द धुऊन, पुसून, मांडलेला.

मी मायकडे पाहिलं. तिनं मान एका बाजूला कलती केली होती. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"हा कोण?" ती म्हणाली.

तिला काय सांगायचं? तोच आहे म्हणायचं, तर ते मीच कुठे खात्रीनं म्हणू शकत होते? मीही वाट बघत होते की आत काहीतरी हलेल, आणि काही हलत नव्हतं. पडद्यावर माझा नवरा मला खिडकी दाखवत होता, कूलर दाखवत होता, आणि मी एका परक्या मुलाचं भाषण ऐकत होते. आवाज होता. तो उशिरा आला होता. आम्हा दोघींमध्ये त्याला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

"हा क्लिफी नाय," माय म्हणाली. "यव्होन, हा नाय तो. तू दुसरं काय लावलं?"

तेवढ्यात वास आला. करपट. या वेळी लवकर आला, आणि झाकणाच्या फटीतून धुराची एक बारीक दोरी वर निघाली. चित्र वाकडं व्हायला लागलं, क्लिफर्डचं कपाळ एका बाजूला ओढलं गेलं.

"मम्मी, बंद कर! टेप जळेल! थंड कर, परत लाव!"

परत नव्हतंच. दुकानदारानं सांगितलं होतं. पण मी आत्ता बंद केला असता तर टेपचा राहिलेला भाग तरी वाचला असता, कधी तरी, कुणाच्या तरी चांगल्या मशीनवर. माझं बोट बटणावर होतं. मायनं सांगितलेला क्रम मी मनात म्हणत होते. नमस्कार झाला. खोली झाली. तब्येत चालू होती. तो मायच्या गुडघ्यांबद्दल विचारत होता, "आपली प्रकृती कशी आहे" असं. आयुष्यात कधी तो आईला आपली म्हणाला नव्हता.

भात अजून व्हायचा होता.

मी बोट काढून घेतलं. "चालू दे," मी म्हटलं.

"मम्मी!"

"भात लागतो तिथपर्यंत चालू दे."

वरून विमान आलं. मायनं हात वर करून त्याला गप केलं. चित्र थरथरलं, धूर डोळ्यांत गेला, आणि पडद्यावरच्या मुलानं अचानक नाक वर करून हुंगलं. मान गर्रकन वळवली.

"आयला, भात! अरे भात लागला ना रे! गॅस बंद कर, गॅस! सांगितलं होतं ना तुला, लक्ष ठेव म्हणून, मेल्या!"

तो भरड्या, फाटक्या, गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात ओरडला. स्कूटर वळणावर आली आणि तिच्यावरचा माणूस बोलला.

माय उभी राहिली होती. जपमाळ खाली पडली. "गॅस बंद कर रे आधी!" ती पडद्याच्या दिशेनं ओरडली, तशाच, त्याच आवाजात. "हात भाजशील क्लिफी! फडकं घे!"

पायरीवरून कॉस्मस आत आला, तोंडावर हात दाबून.

कुठेतरी कट् असा आवाज झाला. चित्र गेलं. व्हीसीआरमधला दिवा विझला आणि त्याच्या आत टेप चघळली गेल्याचा ओला, घाणेरडा आवाज येऊन थांबला. जोआनानं प्लग काढला. ती रडत होती आणि रडता रडता व्हीसीआरवर उशी आपटत होती, आग लागलीच असेल तर विझावी म्हणून.

मी कॉम्प्युटरकडे गेले. आता ते बटण. फाइल बंद केली, परत उघडली. फाइल उघडून रिकामी निघाली असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लाल ठिपका दिसतो म्हणजे साठतंच असं नाही. मी सरळ शेवटाकडे गेले आणि दाबलं.

"आयला, भात!"

माय खाटेवर बसली. मग तोंडातल्या तोंडात सुरू झाली, टेप जिथे तुटली तिथून पुढे. "मग तो परत येऊन बसतो. हात पुसतो. बोलतो, सॉरी हां माय, तो येडा झोपला होता. बाकी सगळं ठीक आहे. काळजी करू नको. बाकी सगळं ठीक आहे." ती थांबली, मान कलती करून ऐकत राहिली. मी विचारलं नाही कुणाचा आवाज येतोय. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं.

मग म्हणाली, "परत लाव. भातापासून."

मी लावलं. पुन्हा तो ओरडला, पुन्हा मायनं त्याला फडकं घ्यायला सांगितलं. खोलीत अजून धूर होता. जोआना डोळे पुसत उठली, स्वयंपाकघरात गेली आणि परत आली.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "गॅस बघून आले. बंदच आहे."